तिसरीतले मंगळवार: विशेष शिक्षिका, संसाधन कक्ष आणि प्रमाणपत्राचे आठ महिने

ज्यांचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीत शिकते आहे आणि वाचनात अडते आहे, अशा पालकांसाठी मी हे लिहीत आहे. जुलै २०२३ मध्ये मी स्वतः रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर माहिती शोधत बसे, तेव्हा जे काही सापडे ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या खासगी शाळांविषयी आणि महागड्या दवाखान्यांविषयी असे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या आईने पहिल्या दिवशी कोणाकडे जावे, हे त्यात कुठेच नव्हते. मुलाचे, शाळेचे आणि रुग्णालयांचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही.

माझ्या मुलाचा जन्म नोव्हेंबर २०१५ चा. जून २०२१ मध्ये तो पहिलीत गेला, पण केवळ कागदोपत्री. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, आणि तोपर्यंत त्याची शाळा म्हणजे माझ्या यजमानांचा मोबाइल होता. त्यामुळे दुसरी संपत आली तरी त्याला वाचता येत नाही असे म्हटले की घरी, शाळेत आणि शेजारीपाजारी एकच उत्तर मिळे: कोरोनात पाया कच्चा राहिला, येईल हळूहळू. ते उत्तर खोटे नव्हते, कारण त्याच्या वर्गातली कितीतरी मुले तशीच अडखळत होती. मात्र त्यांतली बहुतेक दुसरीच्या दिवाळीपर्यंत वाचू लागली आणि हा होता तिथेच राहिला.

हे इतके उशिरा लक्षात येण्याचे दुसरे कारण त्याची स्मरणशक्ती. वर्गात दोनदा ऐकलेला पाठ त्याला तोंडपाठ होत असे आणि ओळींवरून बोट फिरवत तो न अडखळता ‘वाचत’ असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका संध्याकाळी पुस्तकाची दोन पाने एकदम उलटली गेली, आणि समोर वेगळे चित्र, वेगळा मजकूर असतानाही तो आधीच्याच पानावरची वाक्ये म्हणत राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. त्याची वही पाहिली तर ‘घर’चे ‘धर’ झालेले होते, ‘भात’चे ‘मात’ झालेले होते, वेलांट्या आणि मात्रा कुठेही बसलेल्या होत्या आणि रफार हमखास एक अक्षर आधी किंवा नंतर पडलेला होता. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, चौतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते. त्यांचे औषध ठरलेले होते, रोज संध्याकाळी शुद्धलेखनाच्या दहा ओळी. चार महिन्यांत त्या दहा ओळींनी मुलाचे अक्षर सुधारले नाही, पण संध्याकाळ झाली की त्याचे पोट दुखू लागले.

तिसरीचे वर्ग जूनच्या मध्याला सुरू झाले आणि ३ जुलै २०२३ रोजी वर्गशिक्षिकेने मला शाळेत बोलावले. बाईंनी मोबाइलवरच्या ‘प्रशस्त’ या ॲपमध्ये त्याच्याविषयीची प्रश्नावली आधीच भरून ठेवली होती. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने शाळांसाठी तयार केलेली ही पडताळणी सूची आहे. तिच्यावरून निदान होत नाही, पण कोणत्या मुलाला पुढे तपासायला हवे, ते कळते. बाई म्हणाल्या, “ताई, मुलगा हुशार आहे, तोंडी विचारा, वर्गात पहिला हात त्याचाच असतो. पण अक्षर आणि त्याच्यामध्ये काहीतरी आडवे येते आहे. आपल्या केंद्रातल्या शाळांसाठी विशेष शिक्षिका आहेत, त्या मंगळवारी येतात. त्यांना दाखवू या का?” बोलता बोलता त्यांच्या तोंडून दिव्यांग हा शब्द आला आणि त्यानंतरचे पाच मिनिटांचे बोलणे मी ऐकलेच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडण्याचाही, समावेश आहे, हे मला पुढे कळले. तेव्हा मात्र मी सही न करता घरी आले आणि एक आठवडा तसाच घालवला. माझ्या हातून झालेला पहिला उशीर तो.

११ जुलैच्या मंगळवारी विशेष शिक्षिका भेटल्या. व्यवस्था अशी असते की समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष तज्ज्ञ असतात आणि विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात. आमच्या मॅडमकडे चौदा शाळा होत्या, शिवाय जी मुले शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवण्याचे कामही होते. म्हणून आमच्या शाळेची पाळी एक मंगळवार सोडून एक, आणि मुलाच्या वाट्याला त्यातली पंचेचाळीस मिनिटे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे, हे वाचल्यावर मला मॅडमच्या एसटीच्या फेऱ्या आठवतात. त्या कंत्राटी होत्या, आणि त्या वर्षी त्यांचे मानधन वेळेवर झाले नाही असे महिने माझ्या माहितीत दोन तरी होते.

पहिल्या भेटीतच मॅडमनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तेव्हा नीट ऐकली असती तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “ताई, अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचे काम सुरू करा, पण त्यासाठी मी थांबणार नाही. शिकवायला मला कागद लागत नाही.” मी मात्र पुढचे आठ महिने सगळा जीव त्या कागदात अडकवून ठेवला. प्रमाणपत्राचा खरा उपयोग परीक्षेतल्या सवलतींसाठी असतो. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच घेतला होता. तिसरीतल्या मुलाला त्याची घाई नसते. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि कृती यांना जागा आहेच, आणि त्याचे उत्तर तोंडी ऐकून घ्यायला वर्गशिक्षिकेला कोणाच्या शिक्क्याची गरज पडली नाही.

आधी डोळे आणि कान तपासून घेणे आवश्यक असते, कारण नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तर पुढच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. ग्रामीण रुग्णालयात दोन फेऱ्यांत ते झाले. डोळे ठीक निघाले आणि कानांतून मळ निघाला. मळ निघाल्यावर अण्णा दोन दिवस आशेवर होते. त्यानंतर शाळेत आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने संदर्भपत्र दिले आणि ऑगस्टच्या शेवटी आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पोहोचलो. ते पत्र हातात असल्यामुळे कोणत्या खोलीत जायचे हे विचारत फिरावे लागले नाही, म्हणून पथक शाळेत येण्याची तारीख मुख्याध्यापकांकडून आधीच विचारून ठेवावी. एसटीत मला महिला म्हणून अर्धे तिकीट आणि त्याला लहान म्हणून अर्धे, असे दोघांचे मिळून एक तिकीट होई.

तिथे आम्हाला समजले की तेव्हा लागू असलेल्या, जानेवारी २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय देता येत नव्हते. आधी बुद्धिगुणांक चाचणी होई, आणि तो ८५ च्या वर असेल तरच वाचन, लेखन व गणित यांच्या विशेष चाचण्या घेत. मुलाला आठ वर्षे पूर्ण व्हायला अडीच महिने बाकी होते. खिडकीमागच्या गृहस्थांनी एवढेच सांगितले, “दिवाळीनंतर या.” (मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या आहेत, तेव्हा आता जाणाऱ्यांनी नव्या सूचना वाचूनच निघावे.)

थांबणे मला जमले नाही. सप्टेंबरमध्ये मी पुण्यातल्या एका खासगी केंद्रात वेळ घेतली. ७,५०० रुपये शुल्क, दोन शनिवार, दर वेळी साडेतीन तास. चाचण्या घेणाऱ्या बाई अत्यंत शांत होत्या आणि त्यांनी त्याला एकदाही ‘चूक’ असे म्हटले नाही. नऊ पानांचा अहवाल इंग्रजीत आला. बुद्धिगुणांक सरासरीपेक्षा थोडा अधिक, वाचन पहिलीच्या स्तराचे, लेखन त्याहून मागे. मी तो वाचून स्वयंपाकघरात बसून रडले, आणि त्यात दुःखापेक्षा सुटकेचा भाग मोठा होता, हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही. आळशीपणाचा आणि लाडावल्याचा आरोप त्या नऊ पानांनी खोडून काढला होता. पण प्रमाणपत्र देणाऱ्या शासकीय वैद्यकीय मंडळाने पुढे तो अहवाल ग्राह्य धरला नाही. सगळ्या चाचण्या नव्याने झाल्या. खासगी तपासणी करण्याआधी तिचा उपयोग कुठे होईल आणि कुठे होणार नाही, हे लेखी नसले तरी तोंडी विचारून घ्यावे.

या सगळ्या धावपळीच्या काळात शाळेत जे चालले होते, ते मला अर्धवटच माहीत होते. मॅडमनी वैयक्तिक शिक्षण आराखडा केला होता. एका साध्या शंभरपानी वहीत तीन महिन्यांची तीन उद्दिष्टे, आणि प्रत्येक मंगळवारी काय झाले याच्या दोन ओळी. पहिली उद्दिष्टे मला फारच क्षुल्लक वाटली होती: घ-ध आणि भ-म यांच्या जोड्या दहापैकी आठ वेळा ओळखणे, काना आणि मात्रा असलेले दोन अक्षरी शब्द वाचणे, आणि दोन अंकी संख्या ऐकून लिहिणे. तिसरीत पोहोचलेल्या मुलासाठी हे? असे मी विचारलेही. मॅडम म्हणाल्या की पायरी तुटलेली असते तिथेच पाय ठेवावा लागतो.

काम चाले ते ताटातल्या रव्यावर. रव्यात बोटाने अक्षर गिरवायचे, गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करायचा, मग तेच अक्षर डोळे मिटून हवेत काढायचे. घ आणि ध यांच्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती केली होती. ध मोकळ्या डोक्याचा, त्याच्या डोक्यावरची रेघ अर्धी तुटलेली, आणि घच्या डोक्यावर पूर्ण छप्पर, कारण घराला छप्पर लागते. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना वेगवेगळे रंग होते. वाचताना जाड पुठ्ठ्याला एक आयताकृती खिडकी कापलेली असे, तिच्यातून एका वेळी एकच ओळ दिसे आणि बाकीचे पान झाकलेले राही. ती खिडकी मी घरी वह्यांच्या पुठ्ठ्यातून करून दिली. खर्च शून्य, आणि या संपूर्ण वर्षात सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू तीच. त्या वर्षी बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग केले होते आणि पाठांना जोडून नोंदींसाठी कोरी पाने दिली होती. इतर मुले त्या पानांवर शब्दार्थ लिहीत, मॅडमनी त्याला पाठाचे चित्र काढायला आणि त्याखाली फक्त तीन शब्द लिहायला सांगितले.

संख्यांचा घोळ उलगडला तो तर अण्णांमुळे. मुलगा त्रेसष्ट ऐकून ३६ लिहीत असे. मॅडमनी समजावले की मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर, पण लिहितो उलट. बहुतेक मुलांचा मेंदू ही उलटापालट आपोआप करतो, याचा करत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा ज्यांनी तिच्यावर टीका केली त्यांत आमचे अण्णा आघाडीवर होते आणि त्यांनी त्या वेळी एका वृत्तपत्राला पत्रही पाठवले होते. ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी रजा टाकता आली नाही म्हणून मी त्यांनाच शाळेत पाठवले. ते मागच्या बाकावर पाऊण तास बसून राहिले. त्या संध्याकाळी ओसरीवर काड्यांचे गठ्ठे बांधून ते नातवाला म्हणत होते, “साठ तीन, म्हणजे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या, म्हणजेच आपले त्रेसष्ट.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सूनबाई, शुद्धलेखन सध्या बंद ठेवू या.” चौतीस वर्षांच्या नोकरीत असे किती विद्यार्थी आपल्या हातून गेले असतील, हे त्यांनी त्यानंतर कितीतरी दिवस मोजले; काही नावे त्यांना आठवली.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला आठ वर्षे पूर्ण झाली आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी आम्ही दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज भरायला बसलो. तो पहिल्या दिवशी भरलाच गेला नाही. पाच वर्षांनंतर आधारवर बोटांचे ठसे नव्याने द्यायचे असतात ते दिलेले नव्हते, आणि शाळेच्या दाखल्यावरचे त्याचे इंग्रजी नाव आधारवरच्या नावाशी जुळत नव्हते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात वर्षांच्या आत हे विनामूल्य झाले असते, सात उलटल्यामुळे त्याला १०० रुपये पडले आणि पाच दिवस गेले. मुलाचे वय काहीही असो, आधार, जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर या तिन्ही ठिकाणचे नाव आजच एकदा ताडून पाहावे, ही माझी कळकळीची सूचना आहे.

जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळ बुधवारी बसते. २९ नोव्हेंबरला सकाळी सातची गाडी धरून आम्ही गेलो, दीडशेच्या आसपास माणसे रांगेत होती, आणि दुपारी एक वाजता कळले की मानसशास्त्रज्ञांची जागा गेल्या महिन्यापासून रिकामी आहे. पुढच्या बुधवारी या, असे दोन बुधवार झाले. तिसऱ्या बुधवारी मी विनंती केल्यावर त्यांनी शेजारच्या मोठ्या शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी पत्र दिले. ते पत्र पहिल्याच दिवशी मागायला हवे होते. कोणी आपणहून देत नाही. तिथली तारीख मिळाली १२ फेब्रुवारी २०२४.

मधले दोन महिने प्रमाणपत्राच्या बाबतीत काहीही घडले नाही. जानेवारीच्या शेवटी मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणात शिक्षक गुंतले, वर्गशिक्षिका दहा दिवस घरोघरी फिरत होत्या, आणि शाळेचे वर्ग दोन शिक्षकांवर चालले. मॅडमचा मंगळवार मात्र चुकला नाही. याच काळात त्यांनी त्याला महिन्यातून एका शनिवारी गट साधन केंद्रातल्या संसाधन कक्षात बोलवायला सुरुवात केली. ती खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या मनात जी भीती होती, ती तिथल्या पसाऱ्याने घालवली: ठोकळे, गणिताची पेटी, ब्रेल पाटी, एक मोठा आरसा, आणि कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीवर बसून माझ्या मुलाला कोडे घालणारी पाचवीतली मुलगी. तिला हाताने लिहिता येत नव्हते, त्याला वाचता येत नव्हते. ती वाचायची आणि तो तिच्यासाठी लिहायचा. मॅडमनी ही जोडी जुळवली होती की ती आपसूक जुळली, हे मी विचारले नाही. मात्र त्याच्या वहीतला पहिला पूर्ण परिच्छेद तिच्या गोष्टीचा आहे.

१२ आणि २६ फेब्रुवारीला नव्या चाचण्या झाल्या. पहिल्या दिवशी साडेतीन तास बसून, दुपारी उपाशीपोटी त्याची बुद्धिगुणांक चाचणी झाली आणि आकडा खासगी अहवालापेक्षा अकरा गुणांनी कमी आला, तरी ८५ च्या वरच होता. मुलाला खाऊ घालूनच आत पाठवावे, आणि चाचणी दुपारवर जात असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. मागे कोणी रागावेल म्हणून मी गप्प बसले होते, आणि तो माझा दुसरा दोष. ६ मार्च २०२४ रोजी प्रमाणपत्र मिळाले. ओळखपत्र टपालाने मे महिन्यात आले.

एकूण हिशेब लिहून ठेवला आहे, कारण मला तो आधी कोणी सांगितला नव्हता. खासगी चाचण्या ७,५००, पुण्याच्या दोन फेऱ्या जेवणासह १,९००, जिल्ह्याच्या चार आणि मोठ्या शहराच्या तीन फेऱ्या मिळून सुमारे २,३००, छायाप्रती, फोटो, सायबर कॅफे आणि आधार मिळून ४४० रुपये, आणि माझ्या अकरा रजा, त्यांतल्या चार बिनपगारी. शासकीय तपासणीला आणि प्रमाणपत्राला नाममात्र केसपेपरखेरीज काही लागले नाही. मंगळवारचे वर्षभरात सोळा तास झाले, त्यांना एक रुपयाही लागला नाही. त्याच्या वाचनात जो फरक पडला तो या सोळा तासांनी, वर्गशिक्षिकेच्या रोजच्या दहा मिनिटांनी आणि ओसरीवरच्या काड्यांनी पडला. तिसरी संपताना तो अनोळखी परिच्छेद सावकाश, खिडकीचा पुठ्ठा धरून वाचू लागला होता. जोडाक्षरांपाशी तो अजून थांबतो, आणि मोठ्याने वाचायला सांगितले की आजही आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो.

२०१८ च्या सूचनांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी हे प्रमाणपत्र पुन्हा काढायचे होते, म्हणून फाइलच्या आतल्या बाजूला मी ‘नोव्हेंबर २०२९’ असे लिहून ठेवले आहे. जून २०२४ मध्ये मॅडमकडे दुसरे केंद्र आले. जाताना त्यांनी आराखड्याची वही चौथीच्या गुरुजींकडे न देता त्याच्याच हातात दिली आणि नव्या बाई येतील त्या मंगळवारी ती स्वतः द्यायला सांगितले. वहीवर त्याने आपले नाव घातले आहे. आमच्या आडनावात रफार आहे. तो पहिल्यांदा चुकीच्या अक्षरावर पडला होता. त्याने तो खोडून योग्य जागी काढला आहे, आणि खोडलेली खूण तशीच ठेवली आहे.